गोवराची सुई

पौष लागून बाजारात गावठी बोरं आली की सून पिशवी भरून आणते. थोडी सुगडात घालायला, बाकीची खायला. तिसऱ्या दिवशी ती पिकून मऊ होतात आणि घरभर आंबूस गोड वास सुटतो. मी खिडकी उघडते. सून म्हणते, "आई, एवढ्या थंडीत?" मी म्हणते, हो, एवढ्या थंडीत. कारण सांगत नाही. पन्नास वर्षं होऊन गेली, ते कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही.

यंदा खिडकी उघडूनही भागलं नाही. नात पल्लवी नुकतीच एका कंपनीत लागली. संध्याकाळी बघते तर कपाटाच्या आरशासमोर उभी राहून एकटीच हसत होती, मान डोलवत होती. मला वाटलं, पोरीचं काहीतरी बिनसलं.

"काय चाललंय गं?"

"प्रॅक्टिस, आजी. कंपनीत ट्रेनिंग आहे, सॉफ्ट स्किलचं."

"म्हणजे?"

"म्हणजे लोकांशी कसं बोलायचं, कसं ऐकायचं, आपलं म्हणणं कसं पटवायचं. नुसतं काम येऊन पुढं जाता येत नाही."

"ते शिकवायला माणूस ठेवलाय?"

"पुण्याहून येतो."

"आणि घरी येऊन तुम्ही सगळ्या आरशात बघून हसता?"

"चेष्टा करू नको. तुला नाही कळायचं. तू कायम फाडकन बोलतेस. बाबा म्हणतात, आई दवाखान्यात होती तेव्हा पेशंट दुखणं विसरून पळून जात असतील."

घरात सगळ्यांना वाटतं, मी जन्मापासून अशीच फटकळ. मग तिनं वही आणून वाचून दाखवली. समोरच्याचं नाव घेऊन बोलावं. आधी त्याची अडचण ऐकून घ्यावी. मध्येच तोडू नये. तो नाही म्हणत असेल तर नाहीमागचं कारण शोधावं. ते कारण काढून टाकलं की नकार आपोआप गळून पडतो.

हे शेवटचं ऐकलं आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. गॅसवर काही नव्हतं, तरी उभी राहिले.

मी चौथी पास. पण ती वही मला पाठ होती. मला ती एका हिवाळ्यात शिकवली गेली, बांधावरून चालता चालता. आणि मी हुशार निघाले, हेच वाईट झालं.

एकाहत्तर सालचा हिवाळा. मी बावीस वर्षांची होते. नगर जिल्ह्याच्या उत्तरेला, पाटाच्या पाण्याच्या भागात, एका गावातल्या सरकारी दवाखान्यात रोजंदारीवर आया होते. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत. झाडणं, पाणी भरणं, सुया उकळणं, बाळंतिणींचे कपडे धुणं हे माझं काम. हात सोड्यानं फाटलेले असायचे आणि थंडीत त्या भेगांत पाणी गेलं की डोळ्यांत पाणी यायचं.

त्या हिवाळ्यात कुटुंबनियोजनाचं शिबिर होतं. शिबिरं थंडीतच व्हायची, कारण उन्हाळ्यात टाके चिघळतात. नगरहून डॉक्टर येणार, शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या करून तिथं बायकांची ऑपरेशनं होणार, आणि बायका आम्ही आणायच्या. आमच्या आधी हे काम एक आरोग्यसेवक करायचा. आवाज असा की पाटापलीकडं ऐकू जाई. चावडीवर उभा राहून देशाची लोकसंख्या सांगायचा. बायका त्याला लांबून बघितलं की दार लोटायच्या. एक म्हातारी म्हणाली होती, "देशात मानसं लई झाली म्हनतो, मंग ह्योच कशाला उरलाय?" त्यानं आणलेल्या बायका किती? एक. ती त्याची मेव्हणी.

मग सिस्टरनं हे काम हातात घेतलं. सिस्टर नगरची, ख्रिस्ती, चाळिशी ओलांडलेली, एकटी राहायची. पांढरी साडी, काळी छत्री, चालणं भरभर. तिनं मला निवडलं. म्हणाली, "बाळंतपणात बायका माझं नाव घेत नाहीत, तुझं घेतात. तू बोलतेस ते त्यांना आत जातं. ते वाया घालवू नकोस."

आम्ही सकाळी वस्त्यांवर निघायचो. दव इतकं की लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजायचा. ज्वारीची कणसं पोटऱ्यातून बाहेर पडलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, त्यांची आंब पायाला लागून खाजायची. सिस्टर पुढं चालायची आणि मागं न बघता शिकवायची. घरात शिरल्याबरोबर कामाचं बोलू नको. आधी सासूशी बोल, काम सुनेचं असलं तरी घर सासूचं आहे. म्हशीची चौकशी कर. भाकरी तव्यावर असेल तर बाहेर थांब, बाईला चुलीपुढून उठवू नको. देतील ते खा. पोरांची नावं लक्षात ठेव, पुढच्या वेळी नावानं हाक मार. कुणी टोमणा मारला तर आधी तू हस.

टोमणा मारणाऱ्यांत पहिली होती भागूबाई. पाटाकडच्या वस्तीवरचं मोठं घर तिचं. आजूबाजूची आठ-दहा घरं तिच्या तोंडाकडं बघून चालायची. पहिल्याच दिवशी ओसरीवर बसू दिलं आणि म्हणाली, "तुला किती गं पोरं?"

"अजून नाही, मावशी."

"लगीन हून किती झालं?"

"पाच वर्षं."

"आगं बया! हिला एक न्हाई, आन दुसऱ्याची बंद करायला आली!" शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

मला लागलं. घरी रोज हेच ऐकत होते. पण मी हसले, त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. म्हणाले, "म्हणून तर येते मावशी. ज्यांना आहेत त्यांची तरी धड राहू देत." भागूबाईनं आतल्या बाजूला हाक मारली, "कौसे, चहा टाक."

परत येताना सिस्टर एवढंच म्हणाली, "शाबास." त्या एका शब्दावर मी आठ दिवस चालले असेन.

कौसा भागूबाईची सून. माझ्याच वयाची, हाडकुळी, बोलायला हळू. दोन मुली आणि वर्षा-सव्वा वर्षाचा किसन. किसनच्या वेळी ती मरता मरता वाचली होती. मीच होते तिथं. रक्त थांबेना, सिस्टरनं तिच्या पोटावर मूठ दाबून अर्धा दिवस काढला होता. सिस्टरला शिबिरात कौसा हवी होती, ती आकड्यासाठी नाही. मला म्हणाली होती, "पुढच्या बाळंतपणात ही राहणार नाही. बाकीच्या नाही आल्या तरी चालतील, ही आण." म्हणून ऑपरेशन चूक होतं असं मी आजही म्हणत नाही. तसं म्हटलं असतं तर माझं सोपं झालं असतं.

भागूबाईला मी महिनाभरात वळवली. सुनेचा जीव वाचवा असं म्हटलं नाही. सून गेली तर दोन नाती आणि नातू कोण बघणार, तुमचं आता वय आहे का, एवढंच चार वेळा चार तऱ्हांनी बोलले. ती वळली. कौसाच्या नवऱ्याला तिनंच सांगितलं. राहिली कौसा. ती नाही म्हणत नव्हती आणि हो म्हणत नव्हती. विचारलं की पोराच्या अंगावरून हात फिरवायची.

तेवढ्यात संक्रांत आली. ती युक्ती सिस्टरच्या डोक्यातली. म्हणाली, "तुमचा सण आहे. रथसप्तमीपर्यंत बाई कुठल्याही घरात हळदीकुंकवाला जाऊ शकते, कुणी विचारत नाही कशाला आलीस. तू जा." गुरुवारच्या बाजारातून तिनं स्वतःच्या पैशांनी लाकडी फण्या आणल्या. त्या मी वाण म्हणून लुटायच्या. वाण नाकारत नाहीत. वाण पदरात घेतलेली बाई उठून आत निघून जात नाही. आणि सणाच्या दिवशी दारात आलेल्या सवाष्णीला नाही म्हणायचं नसतं. सिस्टर दुसऱ्या धर्माची, म्हणून तिला हे नीट दिसलं. आम्ही त्यातच वाढलो, आम्हाला ते हत्यार आहे हे कधी कळलंच नव्हतं.

मी गेले तेव्हा कौसाच्या अंगणात सडा नुकता सुकत होता. सुगडं मांडलेली, त्यात बोरं, गाजराचे तुकडे, घाटे, उसाची कांडकी. बोरं दोन दिवसांची असावीत, वास येत होता. किसन एक बोर तोंडात धरून लाळ गाळत फिरत होता. मी त्याच्या तोंडातून ते काढलं आणि बी घशात जाईल म्हणून कौसाला बोलले. मी तिला हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, फणी पदरात घातली. मग तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि काहीच बोलले नाही. हेही शिकवलेलंच. गप्प बसलं की समोरचा बोलतो.

ती बोलली. "सुमनबाई, मला काय हौस न्हाई आता. ह्याच्या बारीला मीच चाललेले. पन पोराचा गोवर निघू दे. गोवर निघाला म्हंजी पोर आपलं. तवर ते नुसतं ठेवाया दिल्यालं. माझ्या आईची दोन गेली गोवरानं. ह्यो येकच हाय गं."

हे तिचं कारण. आमच्याकडं सगळ्या बायका हे मानायच्या आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. डॉक्टरलाही ते खोडता आलं नसतं. मला ते खोडायचं होतं.

मी म्हणाले, "अगं कौसे, गोवराचं आता काय घेऊन बसलीस? सुई निघालीय. एकदा टोचली की झालं."

"गोवराची?"

"हो."

"आपल्या दवाखान्यात हाय?"

"असते."

मला ठाऊक होती ती देवीची टोचणी. गोवराची सुई मी बघितली नव्हती, ऐकली नव्हती. पुष्कळदा मनाशी म्हटलं आहे की मी घोळ केला, देवी आणि गोवर एकच समजले, अडाणी होते. तसं नाही. "असते" म्हणताना मी कौसाकडं बघितलं नाही, तिच्या पदरातल्या फणीकडं बघितलं. म्हणजे ठाऊक होतं.

कौसानं थोडा वेळ फणीचे दात अंगठ्यानं वाजवले. मग म्हणाली, "सनाची दारात आलीस, वान पदरात घातलंस. न्हाई कसं म्हनू?"

शिबिराचे ते दोन दिवस मला लख्ख आठवतात, कारण ते माझे होते. शाळेच्या खोलीत फळ्यावरचा सुविचार तसाच होता. खाली पेंढा, त्यावर गोधड्या, गोधड्यांवर ओळीनं बायका. स्पिरिटचा वास, बाहेर सोबत आलेल्यांच्या तीन दगडांच्या चुली. मी आणलेल्या अकरा होत्या. डॉक्टरांनी कौसाचा कागद बघितला आणि विचारलं, "दोन मुली आणि एकच मुलगा? ही कशी तयार झाली?" सिस्टरनं माझ्याकडं बोट केलं. डॉक्टर म्हणाले, "ही अजून रोजंदारीवर आहे? हिला कायम करा." मी कौसाच्या डोक्याशी बसले होते. ती गुंगीतून बाहेर येत होती. डोळे न उघडता म्हणाली, "किसन्यानं दूध घेतलं का?" मी म्हणाले, "घेतलं." तेही मला ठाऊक नव्हतं. पण लागोपाठ हो म्हणायची तोंडाला सवय लागली होती.

पुढं काही वर्षांनी आणीबाणीतले सक्तीचे दिवस आले. गाड्या भरून माणसं नेली. आमच्या गाडीवर दगड पडले, एक माझ्या खांद्याला लागला. सगळ्या जणी रडत होत्या, मला मात्र काही वाटलं नाही. बळजबरी करणाऱ्याला माणूस शिवी देऊ शकतो, दगड मारू शकतो. कौसाच्या हातात मी तेवढंही ठेवलं नव्हतं. मी तिच्याशी एक शब्द वाकडा बोलले नव्हते.

त्या शिबिरानंतर फाल्गुनात शिमगा झाला आणि वारा सुटला. त्या भागातला वारा कोरडा असतो, धुळीचा, डोळे चोळून चोळून लाल होतात. दुपारची वेळ होती. मी मागच्या खोलीत स्टोव्हवर सुया उकळत होते. दारात कौसा उभी. कडेवर गोधडीत गुंडाळलेला किसन. दोन कोस चालून आलेली, केसांत धूळ. गोधडी बाजूला केली तर पोराचं तोंड सुजलेलं, डोळे चिकटलेले, अंगभर लाल पुरळ.

आमच्याकडं गोवर आलेलं पोर उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात, घरात फोडणी देत नाहीत, परक्याला आत घेत नाहीत, पोराला अंधाऱ्या उबदार कोपऱ्यात ठेवतात. ही रीत कौसा मोडणारी नव्हती. भागूबाईनं तिला दारात अडवलं होतं म्हणे. तरी ती निघाली, कारण दवाखान्यात सुई होती.

"सुमनबाई, ती सुई दे."

सिस्टर पलीकडं कागद लिहीत होती. तिनं मान वर केली. "कसली सुई?"

"गोवराची. हिनी सांगितल्याली. संक्रांतीला."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. भांड्यात पाणी उकळत होतं आणि सुया तळाशी खडखडत होत्या. अकरा बायका आणणारी मी, एक शब्द नाही.

सिस्टर कौसाला म्हणाली, "संपलीय. नगरला मागवली आहे, अजून आली नाही. आण त्याला इकडे."

मग जे करता येण्यासारखं होतं ते सिस्टरनं केलं. पोराच्या छातीत कफ भरला होता. तीन दिवस ते दवाखान्यात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी गेलं. भागूबाई म्हणाली, वारं लागलं. सिस्टर म्हणाली, गोवरात असं होतंच, घरी असता तरी झालं असतं. झालं असतं किंवा नसतं. त्याला दोन कोस वाऱ्यातून कुणी आणलं, हे मला माहीत आहे.

ते लोक गेल्यावर सिस्टरनं मला समोर उभं केलं. "मी तुला गोड बोलायला शिकवलं. खोटं बोलायला कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, "सिस्टर, तुम्हीही आत्ता खोटंच बोललात."

ती म्हणाली, "हो. आणि तेही गोडच लागलं असेल तिला." त्यानंतर ती मला कधी वस्त्यांवर शिकवायला घेऊन गेली नाही. वर्षभरात बदली मागून निघून गेली. तिनं त्या दिवशी मला वाचवलं की दवाखान्याला, हे मी विचारायला हवं होतं.

इथं थांबता आलं असतं. बावीस वर्षांची पोर, एकदा चुकली, असं म्हणून लोक सोडूनही देतील. पण वैशाखात भागूबाई दवाखान्यात आली. बाकावर बसली नाही, उभ्यानंच बोलली.

"दुसरी बघितलीय माझ्या ल्योकाला. घराला दिवा नगं का? कौसा म्हनती, मला माहेरी घाला नायतर हिरीत ढकला, पन सवत आनू नगा. तू तिला सांग."

"मी काय सांगू, मावशी?"

"तुझं बोलनं तिला पटतं. तुझ्याच बोलन्यावर पोट कापून घेतलं का न्हाई? आता निस्तर. न्हाईतर आमच्या वस्तीवरनं पुढल्या थंडीला एक बाई यायची न्हाई शिबिराला. मी सांगंन समद्यास्नी, ऑप्रेशन केलं आन पोर गेलं."

माझा कायमचा कागद तेव्हा नगरला गेला होता. आज येईल, उद्या येईल असं चाललं होतं. सिस्टरला मी काही सांगितलं नाही. कुणी मला पाठवलं नाही. मी आपण होऊन गेले.

कौसा ओसरीवर सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होती. मी बसायच्या आतच म्हणाली, "कशाला आलीस त्ये म्हाईत हाय मला. बोल. तू बोललीस की मला पटतं."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी हसले असते, मला ते येत होतं.

मी बोलले. अर्धा तास बोलले. थोरली ती थोरलीच. किल्ल्या तुझ्याच कमरेला राहतील. तुझ्या पोरींना लग्नात पाठीशी भाऊ नको का? माहेरी भावजयांच्या हाताखाली जाण्यापेक्षा आपलं घर काय वाईट? तिचं नाव घेऊन बोलले, तोडलं नाही, गप्प राहायचं तिथं गप्प राहिले. तिची सगळी कारणं एकेक करून काढून घेतली, सुपातल्या खड्यांसारखी. आणि माझ्या एकाही शब्दावर माझा विश्वास नव्हता. मी माझ्या नवऱ्याला म्हणाले असते, दुसरी आणलीस तर तुझ्या जेवणात काय पडेल सांगता येत नाही. घरी मला मूल नाही म्हणून तीच भीती उशाशी होती. जी भीती मला होती तीच मी तिच्यातून काढून टाकत बसले होते.

कौसा म्हणाली, "बरं."

पहिल्यांदा मला पुढचं दिसत नव्हतं. दुसऱ्यांदा सगळं दिसत होतं.

जूनमध्ये मी कायम झाले. साहेबांनी चार बायकांसमोर सांगितलं, लोकांशी कसं बोलावं हे हिच्याकडून शिका. मी पेढे वाटले. पुढच्या साली दुष्काळ पडला, शिबिर-बिबिर सगळं बाजूला राहिलं. त्या दुष्काळात पगार येणारं आमचं एकच घर होतं गल्लीत. त्या पगारावर सासूसासरे जगले, पुढं मुलगा झाला, तो शिकला, नगरला सावेडीत त्यानं जागा घेतली. पल्लवी ज्या आरशात हसते तोही त्यातलाच.

किल्ल्या वर्षभरात धाकटीच्या कमरेला गेल्या. तिला दोन मुलगे झाले. कौसा पडवीत राहू लागली, पोरींना घेऊन. मी त्या वस्तीवर दरवर्षी जायची, कामच होतं. दरवेळी कौसा पडवीत पोतं अंथरायची, चहा करायची, विचारायची, "तुझं पोरगं काय म्हनतंय?" मी वाट बघायची, आज काही बोलेल. आज शिवी देईल. तिनं कधी दिली नाही. मी मात्र हळूहळू गोड बोलायचं सोडलं. बायकांना फाडकन सांगायची: यायचं तर ये, नाही तर नको, औषधानं उलटी होईल, टाके दुखतील, मला विचारू नको घरचे काय म्हणतील. साहेब बदलले, नवे म्हणाले, बाई कामाची आहे पण बोलायची रीत नाही. मी ऐकून घेतलं. उशिरा फटकळ होऊन काय उपयोग, हेही कळत होतं.

पल्लवी परवा म्हणाली, "आजी, एक तरी टिप दे ना. एवढी वर्षं नोकरी केलीस."

मी म्हणाले, "माहीत नसेल तिथं माहीत नाही म्हण."

"त्यानं प्रमोशन नाही मिळत," ती हसली. खरंच आहे. नाही मिळत.

बऱ्याच वर्षांनी गोवराची लस खरंच आली. बर्फाच्या डब्यातून, छोट्या बाटलीत. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही टेबल मांडलं होतं. नवी नर्स टोचणार, मी यादीतली नावं वाचून पोरं धरणार. वस्तीवरच्या बायका पोरं काखोटीला मारून अंगणातच थांबल्या होत्या. कुणीतरी उठवलं होतं की सुईनं ताप येतो आणि पोर लुळं पडतं. नर्स समजावत होती, कुणी पुढं येत नव्हतं. नर्स माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही बोला ना काहीतरी." मी बोलले नाही.

तेवढ्यात बायकांच्या मागून कौसा आली. केस पांढरे झालेले. थोरली मुलगी माहेरपणाला आली होती, तिचं नऊ-दहा महिन्यांचं पोर कौसाच्या कडेवर. ती सरळ टेबलापाशी आली, पोराची बाही वर केली आणि मागं वळून बायकांना म्हणाली, "या गं फुडं. भ्यायचं काय? ह्या सुमनबाईनी मला कवाच सांगितलं हुतं, अशी सुई असती म्हनून. आमचं नशीब वंगाळ, आमच्या वक्ताला ती सपली. तुमाला मिळती तर घ्या. ही बाई खोटं बोलत न्हाई."

अंगणातल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मग एक पुढं आली, तिच्यामागून दुसरी. बघता बघता रांग लागली. कौसाचं नातवंड रडायला लागलं. मी त्याचा दंड घट्ट धरला होता. नर्सनं सुई टोचली, कापूस दाबला आणि म्हणाली, "मावशी, पुढचं नाव."

मी पुढचं नाव वाचलं.